भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाने चालणारी सायकल

प्रश्न : मी सांगलीत राहते. वय ५६. शिक्षिकेच्या नोकरीतून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. गेली चार वर्षे रोज सकाळी वीस-पंचवीस किलोमीटर सायकल चालवते. मात्र आमच्याकडचा रस्ता सपाट, उसाच्या शेतांमधून जाणारा आहे. कोकणच्या किनाऱ्याने चार-पाच दिवस एकटीने, कसलीही घाई न करता सायकलवरून जावे, अशी फार दिवसांची इच्छा आहे. एका गटाबरोबर एकदा गेले होते, परंतु त्यांना दिवसाला शंभर किलोमीटर पुरे करायचे होते. समुद्र दिसला की छायाचित्रे काढायची आणि पुढे निघायचे, एवढेच झाले. घरच्यांना माझे एकटीने जाणे पसंत नाही. हे जमण्यासारखे आहे का? कुठून कुठे जावे आणि काळजी नेमकी कशाची घ्यावी?
एक वाचक, सांगली

उत्तर : जमण्यासारखे आहे, आणि आपला रोजचा सराव पाहता वयाची चिंता करण्याचे कारण नाही. आपण दापोलीहून निघून हर्णै, मुरुड, दाभोळ, गुहागर, हेदवी, जयगड, गणपतीपुळे असे करत रत्नागिरीला पोहोचावे, असे मी सुचवेन. अंतर साधारण दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर भरते आणि त्यासाठी पाच दिवस राखून ठेवावेत. नेहमीच्या सायकलस्वाराला हे अंतर दोन दिवसांचे वाटेल. मी या वाटेने तीनदा गेलो आहे, त्यांपैकी दोनदा एकटा, आणि पहिल्या खेपेस दोनच दिवसांत ती संपवली होती. त्या खेपेतले मला आज चढ तेवढे आठवतात. म्हणून पाच दिवसांचा आग्रह धरतो आहे.

आधी चढांविषयी सांगतो, कारण सपाटीवर सायकल चालवणाऱ्यांचा कोकणात हमखास होणारा गैरसमज असा की, समुद्रालगतचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता. कोकणची किनारपट्टी खाड्यांनी जागोजागी कापलेली आहे. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडे पठार, उभा असतो, त्यामुळे रस्ता गावातून सड्यावर चढतो, सड्यावरून एखाद-दोन किलोमीटर माथ्याने जातो आणि पुढच्या खाडीशी पुन्हा समुद्रसपाटीला उतरतो. एकेक चढ फार मोठा नसतो, पण दिवसातून असे तीन-चार येतात आणि काही ठिकाणी तो अगदी छातीवर येतो. अशा ठिकाणी सरळ उतरावे आणि सायकल हाताने ढकलत न्यावी. गटाबरोबर असताना उतरायला संकोच वाटतो. एकट्याने जाण्याचा हा फायदा मला फार मोलाचा वाटतो. चढापेक्षा उताराला अधिक जपावे. वळणांवर जांभ्याची बारीक लाल खडी वाहून आलेली असते आणि तिच्यावर पुढचे चाक घसरते. वळणाच्या आधीच वेग कमी करून घ्यावा, वळणात पुढचा ब्रेक दाबू नये.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे अशीच ठेवावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत दुपारी किनाऱ्यावर बहुतेक वायव्येचा वारा असतो आणि दक्षिणेकडे जाताना तो पाठीशी राहतो. यात एक उणीव आहे, तीही सांगितली पाहिजे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालणार आणि समुद्र उजवीकडे असणार, त्यामुळे तो पाहण्यासाठी मधूनमधून थांबावे लागते. उलट दिशेने आले तर समुद्र अगदी कुशीला असतो, पण वारा तोंडावर. मी दोन्ही करून पाहिले आहे आणि वाऱ्याच्या बाजूने कौल देतो. थांबायला तर आपण निघालाच आहात.

पहिल्या दिवशी दापोलीहून हर्णैपर्यंत पंधरा-सोळा किलोमीटर येतात आणि त्यांतला बराच भाग उताराचा आहे. त्या दिवशी अधिक काही करू नये. हर्णैच्या बंदरात माशांचा लिलाव होतो. तो संध्याकाळी गाठावा. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग आहे. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे होते आणि १७५५ साली पेशवे व इंग्रज यांनी मिळून ते तुळाजी आंग्र्यांकडून घेतले. मराठ्यांच्याच आरमाराचा हा किल्ला पेशव्यांच्या संमतीने इंग्रजी तोफांखाली आला, हे किनाऱ्यावर उभे राहून आठवले की वाईट वाटते. मुक्काम जवळच मुरुडला करावा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे गाव. नारळी-पोफळीच्या आगरांमधून जाणारा तिथला मधला रस्ता सकाळी सात वाजता इतका थंड असतो की, अंगावर काहीतरी पांघरावेसे वाटते.

दुसरा दिवस सर्वांत लांबचा आहे. मुरुडहून कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे असे करत दाभोळला यायचे, खाडी ओलांडायची आणि पलीकडच्या धोपाव्याहून गुहागर गाठायचे. सगळे मिळून पन्नास किलोमीटरच्या आसपास. कर्दे ते लाडघर हा तुकडा सावकाश जाण्यासाठीच आहे, कारण रस्ता अरुंद आहे आणि समुद्र जवळ. बुरोंडीनंतर चढ सुरू होतात. अकराच्या आत दाभोळला पोहोचण्याचा प्रयत्न करावा, म्हणजे उन्हाचा मारा चुकतो.

दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातले भरभराटीचे बंदर. आज तिथे जेट्टीजवळ त्या वैभवाची खूण म्हणून एक देखणी जुनी मशीद उभी आहे आणि तिच्या सावलीत घटकाभर बसता येते. इथून वाशिष्ठीची खाडी ओलांडायला वाहने वाहून नेणारी फेरीबोट आहे. ही सेवा २००३ साली सुरू झाली. ती नसती तर चिपळूणपर्यंत आत जाऊन वळसा घ्यावा लागला असता. बोटीवर आधी मोटारी चढतात, मग दुचाक्या, आणि सायकलवाल्याने कडेला कठड्याशी उभे राहायचे असते. सायकल कठड्याला टेकवून ठेवावी आणि ब्रेकची मूठ रबरी पट्टीने आवळून बांधावी, म्हणजे बोट हलली तरी चाक फिरत नाही. खाडीच्या मध्यावर आले की एका बाजूला उघडा समुद्र आणि दुसरीकडे सह्याद्रीच्या दिशेने आत शिरलेले पाणी दिसते. त्या पाच-दहा मिनिटांत पाय आपोआप मोकळे होतात. रेवस ते रेडी सागरी महामार्गाच्या योजनेत या किनाऱ्यावरच्या खाड्यांवर पूल घेतले आहेत. गावकऱ्यांची, विशेषतः आजारी माणसांची, त्यामुळे मोठी सोय होईल आणि पूल व्हायलाच हवेत. तरीसुद्धा, फेरीबोटीची वाट पाहत जेट्टीवर बसण्याचा अनुभव ज्यांना घ्यायचा आहे, त्यांनी फार वर्षे थांबू नये.

आता तिसऱ्या दिवसाविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण माझ्या मते या सगळ्या प्रवासाचा गाभा तोच आहे आणि तारखा ठरवताना आपण हाच दिवस आधी ठरवावा.

गुहागरचा किनारा सुमारे सहा किलोमीटर लांब आणि जवळजवळ सरळ आहे. ओहोटीच्या वेळी पाण्यालगतची वाळू दबून इतकी घट्ट होते की तिच्यावरून सायकल जाते. परंतु ओहोटी सकाळीच असली पाहिजे, आणि ती केव्हा असेल हे तिथीवरून काढता येते. कोकणातली जुनी रीत अशी : तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचे, येईल तो आकडा पूर्ण भरतीचा. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांत तिथी प्रतिपदेपासून मोजायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. त्या दिवशी पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. हा ठोकताळा आहे. ठिकाणाप्रमाणे तासाभराचा फरक पडतो, म्हणून आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावरच्या एखाद्या कोळी बांधवाला विचारून घ्यावे. ते विचारपूर्वक आणि नेमके उत्तर देतात.

या हिशेबाने पौर्णिमेनंतरची किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया आपल्याला सर्वांत सोयीची. त्या दिवशी ओहोटी सकाळी सात-साडेसातच्या आसपास येते आणि भरती दुपारी दीड-दोनच्या सुमारास. शिवाय ते दिवस उधाणाचे असतात. उधाणाला भरती मोठी असते तशी ओहोटीही खोल जाते, त्यामुळे वाळूचा पट्टा भरपूर रुंद उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाणी फारसे मागे हटत नाही.

म्हणून द्वितीयेच्या सकाळी उजाडता उजाडता गुहागरच्या वाळूवर उतरावे. चाके पाण्यात घालू नयेत. ओल्या वाळूचा जो पट्टा आरशासारखा चकाकतो त्याच्या जरा वरून, जिथे वाळू ओली पण मंद दिसते, तिथून जावे. पायाखाली बारीक कुर्ल्यांनी अन्न वेचून घेऊन टाकलेल्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी असते, मोहरीच्या दाण्यांएवढ्या हजारो गोळ्या, प्रत्येक बिळाभोवती रांगोळीसारख्या पसरलेल्या. सायकल हळू असेल तर कुर्ली बिळाच्या तोंडाशी थबकून मग आत जाताना दिसते. वेगाने गेले तर नुसती वाळूच दिसते. परत आल्यावर व्याडेश्वराचे दर्शन घ्यावे, न्याहारी करावी आणि नऊच्या सुमारास पालशेतच्या रस्त्याला लागावे.

पालशेत, वेळणेश्वर आणि पुढे हेदवी हे अंतर वीस-पंचवीस किलोमीटर आहे. मध्ये चढ आहेत, पण हाताशी चार तास आहेत. आणि हेदवीला आपल्याला दुपारी दीडच्या सुमारासच पोहोचायचे आहे, कारण तिथल्या किनाऱ्यावर बामणघळ आहे. खडकाला पडलेली ही एक अरुंद लांब भेग असून भरतीचे पाणी तिच्यात घुसते, टोकाशी अडते आणि मोठ्या आवाजासह उंच उसळते. ओहोटीला गेलात तर कोरडा खडक पाहून परत यावे लागते. ज्या समुद्राने सकाळी मागे सरून आपल्याला वाट दिली, तोच दुपारी या घळीत धडका देताना आपण पाहणार. त्यासाठी दिवसभरात पंचवीस किलोमीटरच व्हायला हवेत, पन्नास नव्हेत. घळीच्या काठाशी जाऊ नये. खडक शेवाळाने निसरडे असतात आणि एकट्या माणसाला तिथे हात द्यायला कुणी नसते. हेदवीचे दशभुजा गणपतीचे मंदिर मुक्कामाच्या संध्याकाळी निवांत पाहता येईल.

चौथ्या दिवशी हेदवीहून तवसाळ, तिथून फेरीबोटीने जयगड, आणि पुढे मालगुंडमार्गे गणपतीपुळे. ही फेरी दाभोळच्या मानाने कमी वेळा सुटते, म्हणून वेळा हेदवीलाच विचारून घ्याव्यात. जयगडला बंदर आणि वीजप्रकल्प आहे, त्यामुळे तिथून बाहेर पडताना अवजड वाहने लागतात. मालगुंडकडचा फाटा येईपर्यंत रस्त्याची कड सोडू नये. मालगुंड हे केशवसुतांचे जन्मगाव आणि तिथे त्यांचे स्मारक आहे. मराठी शिकवलेल्या शिक्षिकेला त्यासाठी वेगळे निमंत्रण लागणार नाही. पाचव्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. दोन्ही पुळणी वरून दिसतात ते वळण प्रसिद्ध आहे आणि सुटीच्या दिवशी तिथे गाड्यांची रीघ लागते, म्हणून हा दिवस शनिवारी-रविवारी येऊ देऊ नये. नाताळचा आठवडा आणि शिमग्याचे दिवसही टाळावेत. शिमग्यात पालख्या निघतात, चाकरमानी गावी येतात, राहायला जागा मिळणे कठीण होते. तो सोहळा वेगळा येऊन पाहावा.

घरच्यांच्या काळजीविषयी. ती अनाठायी नाही, आणि आपण तिच्यावर चिडू नये. मला असे दिसले आहे की, एकट्याने जाणाऱ्या सायकलस्वाराला या भागात माणसांपेक्षा ऊन, पडणे आणि अंधार यांचाच धोका अधिक असतो. अंधारात सायकल चालवायची नाही, हा नियम मोडू नये. हिवाळ्यात साडेसहाला काळोख होतो आणि सड्यावर दिवे नसतात. तिसऱ्या दिवशीची हेदवीची वेळ सोडली, तर अकरा ते साडेतीन सावलीत थांबावे. तहान लागण्याची वाट न पाहता शहाळे, कोकम सरबत, ताक जे मिळेल ते घ्यावे, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि आपण किती घामेजलो आहोत हे लक्षात येत नाही. मुक्काम घरगुती राहण्या-जेवणाच्या ठिकाणी आधी फोन करून ठरवावा. निघताना त्या घरी सांगावे की आज कुठे जाणार आणि साधारण किती वाजता पोहोचणार, आणि पुढच्या घरीही तेच कळवावे. अशाने प्रत्येक दिवशी दोन टोकांना आपली वाट पाहणारी दोन घरे तयार होतात. खाडीच्या खोलात फोनला रेंज मिळत नाही. म्हणून घरच्यांना दर तासाचे वचन देऊ नये. जेट्टीवर पोहोचल्यावर आणि मुक्कामी पोहोचल्यावर फोन करीन, एवढेच ठरवावे आणि ते पाळावे. कुत्री मागे लागली तर सायकलवरून उतरून ती स्वतःच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरून चालावे. पळणारे चाक थांबले की बहुतेक कुत्र्यांचा राग तिथेच संपतो.

गावातल्या बायका आपल्याला थांबवून विचारतील, “ताई, एकट्याच का हो?” या प्रश्नात संशय नसतो. उत्तर द्यावे, त्यांनी दिलेले पाणी प्यावे. माझ्या दोन्ही एकट्याच्या खेपांत मी जितक्या अनोळखी लोकांशी बोललो, तितका गटाबरोबर कधीच बोललो नाही, कारण गटात आपण आपल्याच माणसांशी बोलत राहतो.

प्रश्न : अशा प्रवासासाठी महागडी सायकल घ्यावी लागेल का? माझ्याकडे गिअरची साधी सायकल आहे. आणि रत्नागिरीहून ती परत कशी आणावी?
एक वाचक, ठाणे

उत्तर : आहे तीच चालेल. चढासाठी मागचे सर्वांत मोठे चक्र पुढच्या लहान चक्राबरोबर नीट बसते की नाही, एवढे दुकानातून तपासून घ्यावे. टायर अगदी बारीक असतील तर बदलून पस्तीस ते चाळीस मिलिमीटर रुंदीचे घालावेत. ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, स्क्रूचा असेल तर त्यावर बसणारी छोटी पितळी टोपी जरूर जवळ ठेवावी, नाहीतर गावातल्या पंक्चरवाल्याकडे पंप असूनही हवा भरता येत नाही.

खारी हवा मात्र मनावर घ्यावी. एकदा मी गुहागरला पाण्याच्या कडेने सायकल चालवली आणि संध्याकाळी तशीच भिंतीला टेकवून ठेवली. सकाळी साखळी नारिंगी झालेली होती आणि तिच्या कड्या वाकेनात. मुक्कामाच्या घरच्या आजींनी शिलाई मशीनचे तेल आणून दिले. अर्धा तास एकेका कडीवर थेंब सोडत बसलो, तेव्हा कुठे चाक फिरले. तेव्हापासून वाळूवरून आलो की आधी गोड्या पाण्याने सायकल धुतो, साखळी कोरड्या फडक्याने पुसतो आणि तेल घालतो, मग स्वतः आंघोळ करतो. जोराची पाण्याची धार चाकाच्या मध्यावर मारू नये. आतले ग्रीस वाहून जाते.

परतीसाठी रत्नागिरी स्थानकावर मालडब्यासाठी सायकलची नोंदणी करावी. लहान स्थानकांवर गाडी दोन मिनिटेच थांबते, तिथे मालडब्यात सायकल चढवण्याची खात्री नसते, म्हणूनही प्रवास रत्नागिरीला संपवणे बरे. पाण्याची बाटली, दिवा आणि पंप काढून स्वतःजवळ ठेवावेत. स्थानक शहराबाहेर आहे, तेवढा वेळ हाताशी ठेवावा.

प्रश्न : किनाऱ्यावर सायकल चालवल्याने कासवांच्या घरट्यांना त्रास होतो, असे वाचले. मग वाळूवर सायकल न्यावी की नाही?
एक वाचक, डोंबिवली

उत्तर : प्रश्न योग्य आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासविणी हिवाळ्यात रात्री वर येऊन अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळासला २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन हे संरक्षण उभे केले. मादी घरटे करते ते भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या मऊ वाळूत. सायकलला लागते ती घट्ट ओली वाळू, म्हणजे भरतीच्या रेषेखालची. तिथे दिवसा सायकल चालवल्याने घरट्यावर चाक जात नाही. वर-खाली ये-जा मात्र जिथे सगळे लोक चढतात-उतरतात त्याच वाटेने करावी, आणि त्या वेळी सायकल हातात धरून चालावे. जाळीचे कुंपण दिसले तर त्याच्यापासून दूर राहावे. वाळूवर मोठ्या, दोन्ही बाजूंना वल्ह्यासारख्या उमटलेल्या खुणा समुद्राकडून वर गेलेल्या दिसल्या, तर त्या पुसू नयेत आणि गावातल्या कासवमित्रांना लगेच सांगावे. त्या खुणांवरूनच ते घरटे शोधतात. अंधार पडल्यावर, विशेषतः दिवा लावून, किनाऱ्यावर सायकल नेऊ नये, कारण उजेड पाहून वर येणारी मादी अंडी न घालताच परत फिरू शकते आणि पिल्लांची समुद्राकडची दिशा चुकते.